आईसोबत तंबूत तीन दिवस: डेव्हिल्स लेकचा अनुभव

आई वाईहून आमच्याकडे शिकागोजवळ यायची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळांना आम्ही तिला नायगारा दाखवला, उंच इमारती दाखवल्या, मॉल दाखवले. या वेळी निघण्याआधीच तिनं फोनवर सांगून टाकलं, "अगं, इमारती पुरे झाल्या. झाडी असेल, पाणी असेल, तिथं दोन दिवस ने मला." तिचं ते वाक्य मी मनावर घेतलं आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कात तंबू ठोकून राहायचं ठरवलं. माणसं पाच: आई, आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. यापूर्वी आमच्यापैकी कोणीही तंबूत रात्र काढलेली नव्हती.

पहिली अडचण जागा मिळण्याची. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांमध्ये कॅम्पिंगची जागा मुक्कामाच्या अकरा महिने आधीपासून आरक्षित करता येते, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार खरोखरच तेव्हाच भरून जातात. त्याच्या आदल्या वर्षी मी मे महिन्यात जुलैसाठी बघायला गेले तेव्हा एकही जागा शिल्लक नव्हती. तेव्हा शिकले. या ऑगस्टसाठी मागच्या सप्टेंबरातच बसले आणि शनिवार-रविवारचा नाद सोडून मंगळवार ते गुरुवार घेतले. आइस एज कॅम्पग्राउंडमध्ये, झाडीतली जागा मिळाली. नकाशावर जागा निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या: स्वच्छतागृह आईला रात्री चालत जाता येईल इतकं जवळ हवं, आणि तंबूपर्यंत गाडी आली पाहिजे. म्हातारं माणूस सोबत असेल तर मी प्रत्येकाला हेच सांगेन. तळ्याचं दृश्य वगैरे नंतर. कॅम्पिंगच्या भाड्याशिवाय गाडीसाठी प्रवेशाचा वेगळा स्टिकर लागतो, आणि आमच्यासारख्या परराज्यातल्या गाडीला तो महाग पडतो, हेही खर्चात धरायला हवं.

सामानाची यादी लांबवत नाही. मोठा तंबू मित्रांकडून मागून आणला, आईसाठी घडीची खाट विकत घेतली. तिचे गुडघे दुखतात. जमिनीवर झोपली तर सकाळी उठताना तिला त्रास होणार हे नक्की होतं. तंबू आधी घरामागच्या अंगणात एकदा लावून पाहिला, ते बरं झालं, कारण कुठली काठी कुठल्या बाहीत जाते हे कळायलाच आम्हाला तास लागला. घरची लाकडं मात्र न्यायची नाहीत. एमराल्ड अॅश बोरर नावाचा किडा सरपणातून पसरतो आणि अॅशची झाडं मारून टाकतो, म्हणून पार्कात दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित केलेलंच सरपण चालतं. आम्ही तिथेच विकत घेतलं.

घरून साधारण तीन तासांचा रस्ता. मॅडिसन मागे पडलं की सपाट शेतं संपतात आणि बाराबूच्या टेकड्या सुरू होतात. पार्कात शिरून तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मागच्या सीटवर एकदम शांतता झाली. दोन्ही बाजूंना पाचशे फूट उंच कडे आणि मध्ये ते पाणी. आई गाडीतून उतरली, काठापर्यंत गेली, वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि हात जोडले. मग मला विचारलं, "याला सैतानाचं तळं का म्हणतात?" मी सांगितलं की हे नाव बाहेरून आलेल्या लोकांनी दिलं, इथल्या मूळच्या हो-चंक लोकांच्या भाषेत या तळ्याच्या नावाचा अर्थ पवित्र तळं असा आहे. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. दक्षिण काठाजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, हजारएक वर्षांपूर्वी माणसांनी रचलेला. त्यावर चढायचं नसतं. आई त्याच्या कडेनं हळू चालत सबंध फेरी घालून आली आणि पंख कुठून कुठपर्यंत पसरलेत ते तिनं नातवाला हातानं दाखवलं.

पहिल्या संध्याकाळी उजेड होता तोवर तंबू उभा केला. जमिनीवर ताडपत्री, वर तंबू. रात्रीसाठी घरून आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. जेवून हात धुवायला नळावर गेलो तेवढ्यात टेबलावरचा पोळ्यांचा डबा रॅकून नावाच्या रानटी प्राण्यानं उघडला. झाकणाला बाजूनं कड्या होत्या, तरीही. रॅकूनची पुढची बोटं माणसाच्या पोरासारखी चालतात, त्यामुळे साधं झाकण त्याला अडवत नाही. खाण्याचा कण न् कण, अगदी टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद ठेवायची हे त्या रात्री पक्कं झालं.

रात्री दोनच्या सुमारास गडगडाटानं जाग आली. मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती होती. वीज पडत असताना तंबू कसलंही संरक्षण देत नाही. पक्की इमारत गाठायची किंवा काचा बंद करून गाडीत बसायचं. हे मी आधी वाचून ठेवलं होतं, आणि कोणी कोणाला उचलायचं हेही नवऱ्याशी बोलून ठेवलं होतं. गाडीची किल्ली आईच्या उशाशी, चपला तंबूच्या दाराशी, हेडलॅम्प प्रत्येकाच्या हाताशी. त्यानं मुलाला उचललं, मी आईचा हात धरला, लेकीनं पुढे दिवा दाखवला. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा आम्ही गाडीत होतो.

तासभर तरी बसलो असू. मुलगा थरथरत होता. आईनं त्याला शालीत घेतलं आणि म्हणाली, "वीज चमकली की मोजायला लाग." लेकीला शाळेत शिकवलेलं आठवलं: आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मग दोघी मोजत बसल्या, आजी मराठीत, नात इंग्रजीत. सहा आकडे म्हणजे दोन किलोमीटर. मग तीनच आकडे. मग एकदा एक म्हणायच्या आत कडाड. त्या क्षणी कोणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी चार आले, मग नऊ, मग पंधरा, आणि पंधरा ऐकता ऐकता मुलगा झोपला. शेवटच्या गडगडाटानंतर आणखी अर्धा तास थांबून आम्ही बाहेर आलो.

तंबू जागेवर उभा होता, पण आत एका कोपऱ्यात पाणी साचलं होतं आणि माझी झोपायची पिशवी चिंब. सकाळी उजेडात कारण दिसलं. खाली घातलेली ताडपत्री तंबूपेक्षा वीतभर मोठी होती आणि तिच्या कडा बाहेर तशाच राहिल्या होत्या. वरच्या आवरणावरून ओघळलेलं पाणी त्या कडांवर पडलं आणि ताडपत्री आणि तंबूच्या मधून सरळ आत. शिवाय सपाट दिसली म्हणून जी जागा निवडली ती थोडी खोलगट होती. आम्ही तंबू चार पावलं वर सरकवला आणि ताडपत्रीच्या कडा सगळीकडून आत दुमडल्या. एवढंच करायचं असतं. पण ते न सांगितल्यामुळे पहिली रात्र ओली जाते.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन निघालं होतं. नवरा आणि लेक बॅलन्स्ड रॉकच्या वाटेनं चढले. ती वाट दगडी पायऱ्यांची, अगदी छातीवरची, आणि वर कड्याला कठडा नाही, म्हणून मुलाला आम्ही नेलं नाही. मी, आई आणि तो पश्चिम काठावरच्या टंबल्ड रॉक्सच्या वाटेनं गेलो. कड्यावरून निखळलेल्या मोठमोठ्या शिळांच्या राशीतून, पाण्याच्या कडेकडेनं जाणारी ही वाट बऱ्यापैकी सपाट आहे, आणि आईच्या गुडघ्यांना ती जमली.

तिथं आई एका शिळेपाशी थांबली ती थांबलीच. आमच्याकडचा दगड काळा. घाट, घरांची जोती, देवळं, सगळं त्याचंच. हा दगड गुलाबी, कुठे जांभळट, आणि एका बाजूवर लाटांसारख्या बारीक ओळी. ओल्या वाळूवर पाणी हलतं तेव्हा पडतात तशाच त्या खरोखर वाळूवरच्या लाटा आहेत. सुमारे १६० कोटी वर्षांहून जुनी वाळू दाबून, घट्ट होऊन तिचा हा क्वार्टझाइट नावाचा कठीण दगड झाला. सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे याच्या मानानं अगदी परवाचा. आणि तळं तर दोघांच्याही मानानं कालचं. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात हिमनदीनं या दरीच्या दोन्ही तोंडांशी माती-दगडांचे बांध घातले आणि मधलं पाणी अडकलं. मी हे आईला सांगत होते आणि ती त्या ओळींवरून तळहात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, ताटातलं पीठ सारखं करावं तसा. "इथं पाणी होतं," एवढंच म्हणाली.

दुपारभर मुलं उत्तर काठाच्या वाळूत आणि पाण्यात. या तळ्यात पेट्रोलच्या मोटरबोटी चालत नाहीत, फक्त विजेच्या मोटरी, त्यामुळे पाण्यावर माणसांचेच आवाज. अधूनमधून पूर्वेकडच्या कड्याखालून मालगाडी जायची तेव्हा सगळं खोरं घुमायचं आणि मुलगा पाण्यात उभा राहून डबे मोजायचा. परत आल्यावर दोघांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचिडी आहेत का ते नीट तपासलं. इथल्या गोचिडी चावल्या तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. हा रोजचा नेम आम्ही एकदाही चुकवला नाही.

आणि मग संध्याकाळ. सरपण रात्रभर पावसात भिजलेलं. शेकोटीसाठी तिथं लोखंडी कडं असतं, त्यात नवऱ्यानं लाकडं रचली, कागद घातला, काडी लावली. नुसता धूर. दुसऱ्यांदा धूर. शेजारच्या जागेवरचे लोक पेटवायचा द्रव घ्या म्हणाले. आई खुर्चीवरून हे सगळं बघत होती. ती उठली, म्हणाली, "सरक जरा. ही लाकडं वरून भिजलीत, आतून कोरडी आहेत."

तिनं त्याला एक ओंडका कुऱ्हाडीनं उभा फोडायला लावला. आतलं लाकूड खरंच कोरडं, पिवळसर. त्याच्या बोटाएवढ्या ढलप्या काढल्या, मग काडीएवढ्या. दोन जाड लाकडं शेजारीशेजारी, मध्ये वीतभर जागा, आणि तोंड वाऱ्याकडे: चूलच मांडली तिनं. मध्ये बारीक ढलप्या उभ्या-आडव्या, सैल. "दाबून भरायचं नाही. जाळालाही श्वास घ्यायला जागा लागते." मग तिनं फुंकणी मागितली. फुंकणी कुठून आणणार? लेकीनं पेपर टॉवेल संपलेली पुठ्ठ्याची नळी आणून दिली. आईनं ती एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं केस मागे सारले, खाली वाकून नळीचं तोंड ठिणगीच्या अगदी बुडाशी नेलं आणि फुंकर घातली. जोरात नाही. लांब, एकसारखी, श्वास संपेपर्यंत. ठिणगी लाल झाली, मग नारिंगी, मग एका ढलपीच्या कडेनं निळी जीभ वर आली. चौथ्या फुंकरीला जाळ धरला. माझ्या लहानपणी, गॅस यायच्या आधी, रोज पहाटे ती हेच करायची आणि मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकायचे. तीस वर्षांनी तो आवाज मी पुन्हा ऐकला, एका परक्या देशाच्या रानात.

निखाऱ्यांत वांगी भाजली, कणसं भाजली. ऑगस्टात विस्कॉन्सिनची मक्याची कणसं दुधाळ आणि गोड असतात. लिंबू, तिखट, मीठ चोळून त्यांची चव काही और लागते. बिडाच्या तव्यावर भाकरी. धग कमी करायची तर लाकूड मागे ओढायचं, वाढवायची तर पुढे सारायचं, हे लेक आजीकडून शिकली आणि शेवटच्या दोन भाकऱ्या तिनं शेकल्या. शेजारच्यांना एक वांगं आणि एक भाकरी नेऊन दिली. त्यांनी मुलांना मार्शमेलो दिले.

झोपताना आई सवयीनं निखाऱ्यांवर राख ओढायला निघाली. घरी सकाळच्या चुलीसाठी विस्तव तसाच जपून ठेवतात. इथं उलट: पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी, आणि राख हाताला गार लागेपर्यंत हलायचं नाही. तिला ते जरा जड गेलं. पण तिनंच शेवटी हात घालून पाहिलं आणि "गार झालं" म्हणाली.

गुरुवारी तंबू ओलाच गुंडाळावा लागला. ओला ठेवला तर बुरशी धरते, म्हणून घरी पोचल्या पोचल्या अंगणात पसरला, आणि वाळल्यावरही मुलगा तो काढू देईना. आईच्या शालीला धुराचा वास होता. ती शाल तिनं परत जाईपर्यंत धुतली नाही.

पुढच्या ऑगस्टची नोंदणी या सप्टेंबरात झाली. तीच जागा मिळाली. परवा फोनवर तारीख सांगितली तर आई म्हणाली, माळ्यावरची लोखंडी फुंकणी खाली काढून घासून ठेवली आहे, बॅगेत मावते का तेवढं बघायचं आहे.