बारदान नोंदवही, भाग ११ : सोलापूरचं ऊन आणि एक ‘टक’

मुक्काम सोलापूर, दिवस चौथा. ठरलं होतं दीड दिवसाचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: बारदान म्हणजे आमची जुनी ट्रॅव्हलर. सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असा संसार मी स्वतः मांडलाय. इंजिन यांत्रिक डिझेल पंपाचं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे भानगड नाही. बेत साधा होता. चिंचवडहून निघायचं, सोलापुरात बायकोच्या मावशीकडे एक रात्र, मग नळदुर्गचा किल्ला, अक्कलकोट आणि परत.

मावशी पहिल्याच संध्याकाळी रुसली. विजापूर रोडला तिचं तीन खोल्यांचं घर असताना आम्ही दाराशी गाडी लावून गाडीत झोपणार, हे तिच्या पचनी पडेना. “लोक काय म्हणतील, जागा दिली नाही म्हणतील.” शेवटी जेवण तिच्या घरात आणि झोप गाडीत, असा तह झाला. तहात आम्हाला दोन सोलापुरी चादरी आणि डबाभर कडक भाकरी मिळाल्या. गाडीत राहणाऱ्यांनी कडक भाकरीची दखल घ्यावी असं माझं मत आहे. फ्रिज नको, गॅस नको, दमट हवा लागू दिली नाही तर आठवडेच्या आठवडे टिकते. वर शेंगाचटणी आणि दही असलं की शेगडी पेटवायचं कामच नाही.

आता मुद्द्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर मंदिरात गेलो. दर्शन झालं, तळ्याकाठी थोडं बसलो, बाजारातून चटणी घेतली. वाटेत दोनदा गाडी बंद-चालू केली, काही तक्रार नाही. तिसऱ्यांदा, दुपारी दोनच्या सुमाराला, चावी फिरवली आणि ‘टक’. एकदाच. पुढे काही नाही. सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवून सुरू करणारी मोटर, फिरलाच नाही. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक’.

बाहेर त्रेचाळीस अंश. पत्र्याला हात लावला तर चटका.

पहिला संशय बॅटरीवर, सगळ्यांचा असतो तसाच. मीटर लावला, १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती अर्धी झालेली असते. म्हणजे १२.५ अगदी ठीक. इथेच थांबून विचार करायला हवा होता. पण नुसता व्होल्टेज बघून बॅटरीत दम आहे की नाही ते कळत नाही, लोड आला की खरं काय ते दिसतं, हे अर्धवट ज्ञान डोक्यात होतं. त्यामुळे मी स्वतःला पटवलं की बॅटरी आतून गेलीय.

मग मी घरातल्या, म्हणजे मागच्या लिथियम बॅटरीवरून जंप द्यायचा प्रयत्न केला. हे करू नका. सेल्फ सहज २०० अँपिअरच्या वर ओढतो आणि माझ्या लिथियमच्या बीएमएसची (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादा १०० आहे. ती ओलांडली की बीएमएस सगळं तोडतं, फ्रिज आणि पंखा दोन्ही बंद. मी त्या तयारीने केबल लावल्या. लाल लालला, काळी काळ्याला. चावी. ‘टक’. फ्रिज चालूच, पंखा चालूच, बीएमएस ढिम्म.

आता लिहिताना स्वतःचीच कीव येते. गाडी तिथेच उत्तर सांगत होती. सेल्फला खरंच २०० अँपिअर मिळत असते तर बीएमएस तुटायला हवं होतं. ते तुटलं नाही म्हणजे करंट जातच नव्हता. दोन-दोन बॅटऱ्या जोडूनही जात नव्हता, म्हणजे दोष बॅटरीत नाही, वाटेत आहे. पण त्रेचाळीस अंशांत, चहूबाजूंनी “सेल्फवर दगड मारा”, “कार्बन गेले असतील”, “धक्का मारू का?” असे सल्ले येत असताना एवढी सरळ गोष्ट सुचत नाही.

संध्याकाळी सहाला गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली. सेल्फ जरा आळसावून फिरला, पण फिरला.

झालं, निदान पक्कं! उन्हाने बॅटरी मान टाकते. दुकान गाठलं, जुनी बदल्यात देऊन साडेआठ हजारांची नवी घेतली. दुकानदार म्हणत होता, “जुनी अजून वर्ष काढंल की वो.” मीच ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, होटगी रोडला, नवीकोरी बॅटरी असताना: ‘टक’.

बायकोने काही विचारलं नाही. न विचारण्यातही एक प्रकार असतो.

या खेपेला मात्र डोकं ठिकाणावर ठेवून बसलो. मावशीची चादर गाडीखाली अंथरली (तिला सांगू नका), बायकोला चावीवर बसवलं आणि मीटर घेऊन खाली सरकलो. ती चावी फिरवणार तेवढ्यात मी आकडे बघणार. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर चावी फिरवताना १२.२. निरोगी गाडीत सेल्फ फिरताना हा आकडा दहा-साडेदहापर्यंत उतरतो, ९.६ च्या खाली जाऊ नये असं मानतात. इथे तो उतरायलाच तयार नाही. हेडलाइट लावून पाहिले तर चावी फिरवताना तेही मंद होत नव्हते. मग बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत किती व्होल्ट गळतात ते पाहिलं, ०.१. म्हणजे लाल बाजू स्वच्छ. बॅटरीच्या मायनसपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, मीटरचा बीप मोडही (वाट जोडलेली असेल तर वाजतो) लावून पाहिला. छान वाजला. अर्थ, म्हणजे करंटची लोखंडातून मायनसकडे परतीची वाट, ठीक, असं धरलं.

मग उरला सेल्फ. काढून खोलायचा. ते काम रस्त्याच्या कडेला माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून ओळखीतून एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. साठीचे असतील, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बरोबर पोरगा, त्याच्याशी तेलुगूत, माझ्याशी सोलापुरी मराठीत. हातात मीटर नाही, एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, तेवढा टेस्ट लॅम्प.

मी सगळा इतिहास सांगितला. त्यांनी ऐकला की नाही देव जाणे. ड्रायव्हरच्या दारातून वाकून ॲक्सिलरेटरचं पेडल हाताने दाबून पाहिलं आणि विचारलं, “हे जड लागालाय का वो, आठ-पंधरा दिवस झालं?”

मी गार. भाग १० ज्यांनी वाचलाय त्यांना आठवत असेल, ‘ॲक्सिलरेटर जड झालाय, केबलला ऑइल सोडलं, फारसा फरक नाही’ ही माझीच ओळ. सेल्फशी त्याचा संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

“मग सेल्फ कशाला काढालाव? सेल्फ ठीक हाय.” पोराला काहीतरी सांगितलं. पोराने माझीच जंप केबल उचलली, काळ्या वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला, रंग नसलेल्या जागी चावलं.

“मारा सेल्फ.”

बारदान अशी सुरू झाली की बायको दचकली. गेल्या वर्षभरात सेल्फ इतक्या जोरात फिरलेला मला आठवत नाही.

अण्णांनी मग केबल दाखवली. ॲक्सिलरेटरच्या केबलचं प्लॅस्टिक आवरण इंजिनवरच्या क्लिपपाशी सुरकुतून, वितळून, आतल्या सर्पिल तारेला चिकटलं होतं. इंजिनाच्या उष्णतेने नव्हे, करंटने. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि चासी जोडणारी एक जाड तांब्याची पट्टी असते, वेणीसारखी विणलेली. ती पट्टी नीट बसलेली नसेल तर करंट परतीची दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे ही बिचारी केबल. सेल्फचा आणि अल्टरनेटरचा करंट आठ-पंधरा दिवस हिच्यातून पळत होता.

आणि ती पट्टी का बसली नव्हती? इथे मान खाली घालावी लागते. भाग ७. लिथियम चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर बसवला, त्याच्या अर्थच्या वायरीला चासीवर जागा हवी होती. इंजिनच्या पट्टीचा बोल्ट आयताच हाताशी होता. तो सोडला, खाली माझं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) घातलं, वर एक वायसर, वर पट्टी आणि बोल्ट आवळला. कंपनीने जिथे पट्टी थेट उघड्या लोखंडावर बसवली होती तिथे मी तीन थरांचं सँडविच केलं. नंतर गणपतीत कोकणात जाताना चासीला खालून काळं अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतलं, तेही त्या सँडविचमध्ये झिरपलं. कोकणच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने उरलेलं काम केलं. बोल्ट सोडला तेव्हा थिंबलखाली तपकिरी पूड आणि रबरासारखा काळा थर, लोखंडाचा चकचकीत भाग कुठेच नाही.

गाडी दुरुस्त व्हायच्या आधी मी अण्णांना दोन मिनिटं मागून घेतली, फक्त एका आकड्यासाठी. जंप केबल काढली, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला, बायकोने चावी फिरवली: ४.१ व्होल्ट. इथे शून्याच्या जवळ असायला हवं, ०.२ च्या आत असेल तर उत्तम. बारातले चार व्होल्ट एका बोल्टखाली जळत होते. मी आधी मायनस ते चासी मोजलं होतं, मायनस ते इंजिन मोजलंच नाही. चासी आणि इंजिन एकच, असं गृहीत धरलं.

बीपवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी हेही सांगतो. मीटर बीप करताना अगदी किरकोळ करंट सोडतो, एखादा तांब्याचा केस शिल्लक असला तरी तो वाजतो. सेल्फला हवेत २०० अँपिअर. वाटेत नुसता ०.०१ ओमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट गायब. एवढा लहान अडथळा साध्या मीटरच्या ओम रेंजवर दिसतच नाही. लोड देऊन व्होल्ट मोजणं हाच मार्ग.

मग सकाळी आणि संध्याकाळी सुरू आणि दुपारी बंद, हे का? तांबं तापलं की त्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि इंजिनाची धग शेजारच्या सेल्फमध्ये मुरते. सेल्फवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे चावी फिरवल्यावर सेल्फला मोठा करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचची, कॉइल ३० वरून ९० अंशांवर गेली की तिचा रोध जवळजवळ चौथाईने वाढतो. तिला आधीच चार व्होल्ट कमी, त्यात ही भर. प्लंजर (स्विचमधला दांडा) हलतो, ‘टक’ होतं, पण कॉन्टॅक्ट दाबण्याइतका जोर उरत नाही. पुण्यात हा दोष कदाचित दिवाळीपर्यंत लपून राहिला असता.

दुरुस्तीला तासभरही लागला नाही. चासीची जागा कानशीने आणि पॉलिश पेपरने चांदीसारखी होईपर्यंत घासली. जुनी पट्टी एका टोकाला हिरवी पडून कुरतडलेली, म्हणून ३५ स्क्वेअर एमएमच्या केबलला दोन्हीकडे थिंबल दाबून नवीन केली. दातेरी वायसर, बोल्ट आवळून मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग बोल्ट, असं नाही. माझ्या हट्टाने दुसरी एक केबल इंजिनपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत टाकली. अण्णांना ती अनावश्यक वाटली, पण “तुमचं समाधान होतंय तर टाका की” म्हणाले. चार्जरच्या अर्थला स्वतंत्र बोल्ट. नंतर तोच आकडा पुन्हा मोजला, ०.१२.

ॲक्सिलरेटरची केबल त्याच संध्याकाळी मिळाली. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट या तिन्ही वाटांवर भाविकांच्या ट्रॅव्हलर रात्रंदिवस पळतात. या गाडीचा सुटा भाग सोलापुरात मिळणार नाही तर कुठे मिळणार? नवीन केबल टाकल्यावर पेडल इतकं हलकं झालं की पहिल्या चौकात गाडी उगाच गुरगुरली.

अण्णांनी केबलसकट बाराशे घेतले. बॅटरीचे साडेआठ हजार वेगळे, ते माझ्या घाईचे. चहा पिताना विचारलं, पेडलचं कसं ओळखलं? म्हणाले, जुन्या रिक्षांना पूर्वी असंच व्हायचं, क्लचची तार जळायची, पोरं तारा बदलत बसायची.

आज दुपारी अडीचला, बेचाळीस अंशांत, मुद्दाम पाच वेळा बंद-चालू केली. पाचही वेळा सुरू. पाचव्यांदा मावशी बाहेर येऊन म्हणाली, “आता पुरे, शेजारी झोपलेत.”

उद्या पहाटे नळदुर्ग. पाऊस नसल्यामुळे पाणीमहालावरून धबधबा दिसणार नाही, पण किल्ला तर दिसेल. एक काम मात्र लटकलंय. भाग ७ मध्ये इन्व्हर्टरचा अर्थही मी चासीला मारला होता आणि कुठल्या बोल्टला ते आता आठवत नाही. फोटो काढला होता, पण तो शोधला तर त्यात माझा हात आहे आणि बोल्ट हाताच्या मागे. रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन परत खाली जाणार. या वेळी चादर बायकोने आधीच उचलून ठेवलीय.