व्हॅक्यूम सांभाळता सांभाळता : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात कोणताही माल तयार होत नाही. आम्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दुरुस्त करतो, ते वर्षभर चालू ठेवतो आणि ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांचे नमुने तपासून देतो. माझा मोठा भाऊ आधी हवा खेचून निर्वात पोकळी करणाऱ्या व्हॅक्यूम पंपांच्या सर्व्हिसिंगमध्ये होता. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून एका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपसाठी नमुने तयार करायचे. त्या नोकरीत एक गोष्ट सारखी डोळ्यांत खुपायची. कोटीच्या घरातलं यंत्र एका पंपासाठी, कधी एका ओ-रिंगसाठी, म्हणजे साध्या रबरी कड्यासाठी, महिनोन्‌महिने झाकून पडायचं. सुटा भाग परदेशातून यायचा, इंजिनिअरची तारीख मिळायची नाही, आणि पीएच.डी.ची मुलं नमुने फ्रीजमध्ये ठेवून वाट बघत बसायची. हे काम आपणच करावं असं भावाला आणि मला वाटलं, आणि फर्म सुरू झाली.

साध्या सूक्ष्मदर्शकाने साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबीच आडवी येते. 1931 मध्ये बर्लिनला अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत आणि काचेऐवजी चुंबकीय भिंगं वापरली आणि पुढची वाट मोकळी झाली. रुस्का यांना नोबेल मिळालं ते थेट 1986 मध्ये. आपल्याकडे 1940 च्या दशकात नीरजनाथ दासगुप्तांनी कोलकात्यात भारतातला पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. त्या टंचाईच्या काळात इथल्या इथे असं यंत्र उभं राहिलं, ही गोष्ट आमच्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते.

सुरुवातीची काही वर्षं फक्त दुरुस्तीची होती. इलेक्ट्रॉन हवेतून सरळ जात नाहीत, म्हणून झोत ज्या नळकांड्यातून येतो त्या कॉलममध्ये उत्तम व्हॅक्यूम लागतो. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. झोतासाठी इलेक्ट्रॉन सोडणारं टंगस्टनच्या तारेचं फिलामेंट 2700 केल्विनच्या आसपास तापतं. नीट वापरलं तर शंभर तासही काढतं. गेलेलं फिलामेंट भाऊ कधी नुसतं फेकू देत नाही, आधी भिंगाखाली धरतो. तुटलेल्या टोकांवर वितळून गोळे झाले असतील तर कोणीतरी करंट जास्त दिलेला असतो. तार झिजत बारीक होऊन तुटली असेल तर ती आपलं आयुष्य जगून गेली. पावसाळ्यात नमुना ठेवायचा चेंबर उघडला की दमट हवेतलं पाणी आतल्या भिंतींना चिकटतं आणि पंपिंग संपता संपत नाही; म्हणून कोरडा नायट्रोजन सोडूनच चेंबर उघडायची सवय आम्ही ऑपरेटरना लावतो. एका महाविद्यालयात चित्रातल्या सगळ्या कडा दातेरी यायच्या आणि दोष भिंगावर ढकलला जात होता. भावाने चुंबकीय क्षेत्र मोजणारा गॉसमीटर घेऊन खोलीभर फेरी मारली. भिंतीपलीकडून इमारतीची मुख्य केबल गेली होती, तिचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र झोताला हलवत होतं. यंत्र समोरच्या भिंतीला नेलं, कडा सरळ झाल्या.

पुढे एका संस्थेने निकालात काढलेलं स्कॅनिंग यंत्र, म्हणजे नमुन्याच्या पृष्ठभागावरून झोत फिरवून चित्र काढणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, आम्ही घेतलं. बँकेला ते तारण म्हणून पटेना, आईने आपली जागा तारण ठेवली. ते दुरुस्त करून चालू केलं आणि खऱ्या अर्थाने प्रयोगशाळा सुरू झाली.

पहिली गिऱ्हाइकं कारखानदार होती. एक वयस्कर उद्योजक तुटलेला बोल्ट रुमालात बांधून आले. "मॅडम, हा का तुटला एवढंच सांगा, पार्टी दारात उभी आहे."

"काका, तुटलेली दोन्ही तोंडं एकमेकांवर बसवून पाहिलीत का?"

"नाही, जशी सापडली तशीच आहेत."

हे फार बरं झालं. तोंडं एकमेकांवर घासली की पुरावा पुसला जातो. बोल्ट 12.9 ग्रेडचा, म्हणजे फार कडक पोलादाचा, वर झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा. हजारपट मोठं करून पाहिलं तर आट्याच्या तळाशी धातूचे कण एकेक सुटे, खडीसाखरेच्या खड्यांसारखे दिसत होते. भार जास्त होऊन पोलाद ताणून तुटलं असतं तर बारीक खळगे दिसले असते. भार वरचेवर बदलून फटिगने तुटलं असतं तर एकामागे एक रेषा. कणांच्या सीमांवरून तुटणं, तेही प्लेटिंग झालेल्या कडक पोलादात, म्हणजे हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ झाल्याचा संशय. ॲसिड पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं) आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो. तो घालवायला माल लवकरात लवकर, शक्यतो चार तासांच्या आत, भट्टीत घालून 200 अंशांच्या आसपास काही तास तापवावा लागतो. यंत्राला जोडलेल्या, मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्स-रे डिटेक्टरला हायड्रोजन दिसतच नाही, त्यामुळे निष्कर्ष तुटीच्या रूपावरून आणि मालाच्या इतिहासावरून काढावा लागला. काकांनी प्लेटरकडे चौकशी केली तेव्हा कळलं, माल रात्रभर तसाच पडून होता.

माझा जीव मात्र जैविक नमुन्यांत जास्त रमतो. परागकण, मुंगीची स्पृशा, डायटम या सूक्ष्म शैवालाचं जाळीदार कवच. पेशी ओल्या असतात आणि चेंबरमध्ये ओलं काही चालत नाही. म्हणून आधी ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात रचना पक्की करायची, टप्प्याटप्प्याने अल्कोहोल वाढवत पाणी काढायचं, मग द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये 31 अंशांच्या आणि 73 वातावरण दाबाच्या वर नेऊन वाळवायचं, म्हणजे पृष्ठताणाने काही चेपत नाही. शेवटी काही नॅनोमीटर सोन्याचा लेप. यात घाई केली की चित्रात सुरकुतलेली पेशी येते, आणि ती तशीच होती असं समजून कुणीतरी प्रबंधात लिहितं. म्हणून हे काम मी आजही दुसऱ्यावर पूर्ण सोडत नाही.

2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केरळमधल्या रुग्णाच्या नमुन्यातून कोरोना विषाणूचं ट्रान्समिशन (झोत नमुन्यातून आरपार पाठवणाऱ्या) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने घेतलेलं चित्र प्रसिद्ध केलं. कण जेमतेम 75 नॅनोमीटरचा. त्यानंतर गावोगावच्या कॉलेजांतून आम्हाला विचारणा येऊ लागली. आमचं यंत्र स्कॅनिंगचं, त्यात ते काम होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो आणि ट्रान्समिशनची सोय असलेल्या संस्थेकडे पाठवतो. आमच्याकडे येणाऱ्यांनी डबीवर नमुना कशात बुडवला आणि कधी, एवढं नक्की लिहावं. तुटलेला भाग पुसू नये, धुऊ नये. विद्यार्थ्यांना दर निम्मा आहे. जमेल त्यांनी नमुना घेऊन स्वतःच यावं. चित्र घेताना आम्ही त्यांना शेजारी बसवतो आणि फोकसचं बटण त्यांच्या हातात देतो.