जागेवरून सरकलेला धूर

इंदूरला रामबागेतल्या घरी बसून काल रात्री ज्या शॉटवर काम केले, त्यात चित्रित केलेल्या वाड्याच्या धुराड्यातून संगणकावर तयार केलेला धूर निघायला हवा होता. परंतु धुराडे चौकटीच्या उजव्या कडेला असल्याने धूर त्याच्यापासून बोटभर आत तरंगत होता. अशा वेळी धूर हाताने ढकलून बसवण्याचा मोह होतो, पण कॅमेरा हलला की तो पुन्हा सुटतो, म्हणून तसे मी कधीच करत नाही.

मध्यभागी जुळते आणि कडांकडे चूक वाढत जाते, तेव्हा प्रमाणाचा, म्हणजे चित्र लहान-मोठे झाल्याचा, संशय घ्यावा. मूळ चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे होते आणि धुराचा रेंडर, म्हणजे संगणकाने तयार केलेले चित्र, लेन्सची वक्रता देताना कडा कमी पडू नयेत म्हणून, दहा टक्के ओव्हरस्कॅनसह, म्हणजे चौकटीबाहेरच्या जादा कडांसह, २११२ बाय ११८८ चा होता. न्यूक या चित्रे एकत्र जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या, चित्राचे माप बदलणाऱ्या रिफॉर्मॅट नोडने तो रुंदीत बसवण्यासाठी आक्रसला होता, त्यामुळे कडेपाशी सुमारे ८७ पिक्सेलचा फरक पडला. रिसाइझ टाइप 'नन' करून, म्हणजे आकार न बदलता, चित्र मध्यावर ठेवले, रिफॉर्मॅटने जादा कडा कापू नयेत याची काळजी घेतली, वक्रता दिली आणि कातरणे सर्वांत शेवटी ठेवले. पहाटे धूर धुराड्याच्या काळवंडलेल्या विटेला अगदी चिकटून निघाला.