दाट रानात रानटी शेळ्या शोधताना

माझे बालपण माण तालुक्यात शेळ्यांमागे फिरण्यात गेले. त्यामुळे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वांगानुई नदीच्या खोऱ्यातील रानटी शेळ्या आपल्याला सहज सापडतील, असा माझा समज होता. पहिल्या दोन फेऱ्यांत मला एकही शेळी दिसली नाही.

कागदपत्रांची अडचण नव्हती. बंदुकीचा परवाना माझ्याकडे होताच आणि सरकारी जंगलात शिकार करण्याची परवानगी संवर्धन विभागाकडून ऑनलाइन, विनाशुल्क मिळाली. कॅप्टन कुक यांनी १७७३ मध्ये या देशात शेळ्या सोडल्या, पुढे वसाहतींतून सुटलेल्यांची भर पडली. त्या रानातील कोवळी रोपे फस्त करतात, म्हणून त्यांच्या शिकारीला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा.

माझी चूक अगदी साधी होती. जुलैच्या थंडीत शेळ्या उन्हाला येणार हे मला ठाऊक होते, पण आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, या सवयीने मी दक्षिणेचा उतार धरून बसलो. इथे ऊन उत्तरेच्या उतारावर पडते. भूगोलाच्या पेपरात मी हे बिनचूक लिहिले असेल!

तिसऱ्या वेळी एक वयस्कर शिकारी सोबत आले. सप्लजॅकच्या काळ्या, चिवट वेलींनी पाय जखडणाऱ्या त्या रानात पंधरा-वीस मीटरपलीकडचे दिसत नाही, म्हणून पाच पावले चालायचे आणि निदान मिनिटभर कान देऊन उभे राहायचे, असा त्यांचा नेम होता. शेळीचे तोंड पोहोचेल त्या उंचीपर्यंत झाडोरा ओरबाडलेला दिसला. खाली लेंड्या होत्या, काडीने फोडल्यावर आतून ओल्या, म्हणजे ताज्या. वारा कुठे वाहतो ते पाहायला त्यांनी लहान बाटलीतून टाल्कम पावडरचा फवारा उडवला. सकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की वर येऊ लागते. त्यामुळे आमचा वास खालच्या शेळ्यांना लागू नये म्हणून दुपारच्या सुमारास आम्ही डोंगराच्या सोंडेवरून खाली उतरत होतो.

आधी माझ्या नाकाने शेळ्यांना ओळखले. बोकडाचा तो उग्र दर्प माणमधल्या शेळ्यांच्या वाड्यात येई तसाच होता. मग करडू ओरडले आणि पानांआड एक तपकिरी ठिपका हलला. मी काडतूस भरायला हात घातला, तेव्हा त्या वयस्कर शिकाऱ्यांनी मान हलवून मला थांबवले: तपकिरी काहीही असू शकते, माणसाचे जाकीटसुद्धा. शिंग, कान आणि मागची मातीची दरड स्पष्ट दिसेपर्यंत दहाएक मिनिटे गेली. त्यानंतरच मी बंदूक भरली आणि एका गोळीत पाट, म्हणजे तरुण शेळी, पडली.

उरलेल्या शेळ्या कड्याकडे पळाल्या आणि तिथून आम्हाला न्याहाळत उभ्या राहिल्या. मागच्या दोन्ही मांड्या पाठीवरच्या पिशवीत घेऊन त्याच वेलींतून सोंडेवर चढायला आम्हाला दोन तास लागले.