पाण्याबाहेर न काढलेला मासा

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाहून परत आल्यापासून ज्याला त्याला माझा माशाबरोबरचा फोटो बघायचाय. फोटो आहे, पण त्यात मी बोटीच्या कडेवर ओणवी, पाठमोरी दिसते आणि पलीकडे पाण्यात एक लांब तपकिरी सावली. मासा मांडीवर आडवा घेऊन हसतानाचा फोटो माझ्याकडे नाही, कारण तिथे सेलफिश, म्हणजे पाठीवर शिडासारखा पर आणि लांब चोच असलेला मोठा मासा, पाण्याबाहेर काढायला कायद्यानेच बंदी आहे. पकडायचा आणि पाण्यातल्या पाण्यात सोडायचा. हे मी निघण्याआधी वाचलं होतं. पण मासा समोर असताना माझ्या मनात जे आलं त्याची तयारी वाचून झाली नव्हती.

आधी रिसॉर्टबद्दल लिहिते, कारण तिथला राग अजून गेलेला नाही.

पहिले तीन दिवस आम्ही ग्वानाकास्ते प्रांतात, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये राहिलो. खोली सुंदर होती, हे कबूल करायलाच हवं. पलंगावरून समुद्र दिसायचा, कर्मचारी प्रेमाने वागायचे. पण मार्च म्हणजे तिथला ऐन कोरडा ऋतू. लिबेरियाच्या विमानतळावरून येताना दोन्ही बाजूंच्या टेकड्या पार करपलेल्या, झाडांवर पान नाही, आणि रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरलं की एकदम हिरवीगार हिरवळ, फवारे दिवसभर चालू. आमच्या टॅक्सीवाल्याने वाटेत सार्डिनाल गावाचा फाटा दाखवला होता. २००८ साली त्या गावातलं पाणी किनाऱ्यावरच्या पर्यटन वस्त्यांना न्यायचं चाललं होतं, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले होते. तो हे शांतपणे सांगत होता, पण पुढचे तीन दिवस मला ते फवारे बघवेनात.

आणि मग रविवार आला. सकाळीच एक मोठं कुटुंब किनाऱ्यावर आलं. आजी, दोन लेकी, जावई, पाच-सहा पोरं, बर्फाची पेटी, भाताचं मोठं पातेलं. रिसॉर्टच्या आरामखुर्च्यांपासून दहा-बारा पावलांवर एका झाडाच्या सावलीत त्यांनी चादर अंथरली. पाच मिनिटांत रिसॉर्टचा रखवालदार आला आणि हात हलवून त्यांना लांब जायला सांगू लागला. जावई उठायला लागला होता. आजी उठली नाही. तिने पायापाशी वाळूत अर्धवट गाडल्या गेलेल्या सिमेंटच्या बुटक्या खांबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘ला प्लाया एस दे तोदोस.’ किनारा सगळ्यांचा आहे.

ती कायद्याचंच बोलत होती. तिथे १९७७ पासून किनारपट्टीचा कायदा आहे. भरतीच्या रेषेपासून २०० मीटरचा पट्टा राखीव, त्यातले पहिले ५० मीटर सार्वजनिक. त्यावर कुणाला मालकी सांगता येत नाही, कुंपण घालता येत नाही. ते सिमेंटचे खांब त्याच हद्दीच्या खुणा, त्यांना ‘मोहोन’ म्हणतात. रखवालदाराला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला वरून तसं सांगितलेलं असणार. तो निघून गेला. आजीने पातेल्यावरचं झाकण काढलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ ‘एवढे पैसे भरून हे असं’ म्हणून कुरकुरत होते, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की मी त्यांना काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. आम्ही तिथे पाहुणे होतो, आजी नव्हती.

चौथ्या दिवशी गाडीने दक्षिणेला केपोसला निघालो. वाटेत तार्कोलेस नदीच्या पुलावर सगळे थांबतात तसे थांबलो, खाली गाळात ओंडक्यांसारख्या मगरी पडलेल्या. रस्त्याकडेच्या एका ‘सोडा’त, म्हणजे घरगुती खाणावळीत, ‘कासादो’ जेवलो. भात, काळा घेवडा, तळलेलं पिकलं केळं, कोशिंबीर आणि मासा, एका ताटाचे साडेतीन हजार कोलोन, म्हणजे तिथलं चलन. रिसॉर्टमध्ये तीन दिवसांत एवढं चवीचं काही पोटात गेलं नव्हतं. तिथल्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क मात्र न चुकता असायचं.

केपोस मला पहिल्या संध्याकाळीच आवडलं. हे मुळात केळ्यांचं बंदर. युनायटेड फ्रूट कंपनीच्या बागा होत्या, पनामा रोगाने केळी गेली आणि त्या जागी तेलताड आले. गावाबाहेर मैलोन्‌मैल त्या ताडांच्या सरळ रांगा लागतात. आता गाव पर्यटकांवर आणि माशांवर जगतं. तिथल्या मरीनाचं, म्हणजे बोटींच्या धक्क्याचं, नावच पेस वेला, म्हणजे शिडाचा मासा, आपण ज्याला सेलफिश म्हणतो तो.

बोट आम्ही आणखी एका जोडप्याबरोबर मिळून घेतली. दिवसाचे १,२०० डॉलर. आकडा ऐकून मी रात्रभर तळमळले, खोटं कशाला सांगू. सकाळी सातला निघालो. कप्तान पन्नाशीचा, मितभाषी. खलाशी विशी-बाविशीचा पोरगा, त्याचे हात सतत कामात. सव्वा तास सरळ आत. किनारा दिसेनासा झाला तेव्हा बोटीचा वेग उतरला, दोन्ही बाजूंच्या लांब काठ्या बाहेर फाकवल्या गेल्या आणि मागे पाण्यात रंगीत झिरमिळ्यांची खोटी आमिषं उड्या मारत येऊ लागली. त्यांना गळ नसतो. मासा त्यांना भुलून वर आला की खलाशी ती ओढून घेतो आणि त्याच जागी खऱ्या माशाचं आमिष लावलेला गळ सोडतो.

गळाचीही गोष्ट आहे. जिवंत आमिष असेल तर तिथे गोल गळच वापरावा लागतो. त्याचं टोक आत वळलेलं असतं. त्यामुळे माशाने आमिष गिळलं तरी तो पोटात रुतत नाही, मासा वळून पळू लागला की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. म्हणून मासा लागल्यावर हिसका द्यायचा नाही, गळ निसटतो. कप्तानाने आमच्या बोटीवर प्रत्येक आमिषाला हाच गळ लावला होता. खलाशाने हे मला हातवारे करून तीनदा समजावलं, आणि तरी पहिला मासा मी हिसका देऊनच घालवला. तो काही बोलला नाही. त्याने नवीन आमिष लावलं.

साडेदहाच्या सुमारास कप्तान वरून ओरडला, ‘वेला! वेला!’ निळ्या पाण्यात, आमिषाच्या मागे, एक जांभळट पट्टा चालला होता. मग शीड वर आलं. चित्रात पाहिलेलं असतं, तरी घसा कोरडा पडतो. पोरगा माझ्या कानाशी म्हणत होता, ‘एस्पेरे, एस्पेरे.’ थांबा. दोर सरसर सुटत होता आणि मी थांबले होते. मग त्याने माझा हात रीलवर दाबला, दोर ताठ झाला आणि मासा पाण्याबाहेर उभाच्या उभा आला. एकदा, दोनदा, सहा-सात वेळा. शेपटीवर चालल्यासारखा.

पंचवीस मिनिटं लागली. माझे दंड थरथरत होते. शेवटी तो बोटीच्या कडेला आला तेव्हा त्याचा रंग गेला होता. निळा, जांभळा काही उरलं नव्हतं, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा दिसत होता. पोरग्याने जाड हातमोजे घालून त्याची चोच धरली. कप्तान म्हणाला, चाळीसेक किलो असेल. आणि मी, मासे खाणाऱ्या घरात वाढलेली, कायदा वाचून आलेली, त्या पोराला म्हणाले, ‘एक सेकंद फक्त वर घे ना, फोटोपुरता.’

‘नो, सेन्योरा.’ त्याचा आवाज चढला नाही. त्याने डाव्या हातातला मोजा काढून मला दिला आणि चोचीकडे मान हलवली.

मी ओणवी झाले आणि चोच धरली. मोज्यातूनसुद्धा ती खरखरीत लागत होती. कप्तानाने बोट हळूहळू पुढे घेतली. या माशाला श्वासासाठी पोहत राहावं लागतं, तोंडातून पाणी आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडलं पाहिजे. दमलेल्या माशाला तसंच सोडलं तर तो बुडून मरू शकतो. म्हणून आपण त्याच्यासाठी पोहायचं. पोरग्याने गळ काढला आणि एक हात माझ्या हातावर ठेवला. सात-आठ मिनिटं आम्ही तसेच होतो. माशाचा डोळा केवढा मोठा असतो! तो वर, माझ्याकडेच लागलेला. मला रडू येत होतं आणि ते का येत होतं हे आजही नीट सांगता येणार नाही. मघाशी मीच त्याला पंचवीस मिनिटं दमवलं होतं, करमणुकीसाठी, पैसे मोजून. हे लिहिताना मला ते बरं वाटत नाही. तरीही मी पुन्हा जाईन का, तर जाईन.

मग पाठीवर एक निळी रेघ उमटली. मला तरी तसं दिसलं. त्यानंतर आणखी. चोच माझ्या मुठीत डावी-उजवीकडे ओढ घेऊ लागली. ‘आओरा,’ पोरगा म्हणाला. आता. मी मूठ उघडली. शेपटीचा एकच फटकारा, माझं तोंड खारं झालं, आणि खाली निळ्यात काहीही नव्हतं.

दुपारी नवऱ्यानेही एक सेलफिश सोडला. त्या दुसऱ्या जोडप्याला डोराडो जातीचे दोन मासे मिळाले, ते ठेवायला परवानगी असते. संध्याकाळी मरीनातल्या एका हॉटेलात ते भाजून दिले गेले आणि आम्ही चौघांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी मान्युएल अँटोनियो राष्ट्रीय उद्यान पाहिलं, माकडं आणि गर्दी दोन्ही भरपूर. मंगळवारी ते बंद असतं, आमचा बुधवार होता.

पण मरीनात शिरण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. किनारा दिसू लागला तसा पोरगा एका डब्यातून छोटे झेंडे काढू लागला. प्रत्येक झेंड्यावर सेलफिशचं चित्र. सोडलेल्या माशाचा झेंडा उलटा लावतात, शीड खाली, पोट वर. बंदरात उभ्या असलेल्यांना लांबूनच कळतं. नवऱ्याचा त्याने स्वतः चढवला. माझ्या वेळी त्याने दोरी माझ्या हातात दिली.