तीन वेळा ०.१

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बारावीच्या प्रॅक्टिकलची उजळणी, म्हणजे सकाळी साडेसातला लॅब उघडायची. नाशिकच्या थंडीत साडेसात म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर होता आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये काचेचं भांडं हातात धरवत नव्हतं. मुलं ब्युरेट धुताना बोटांवर फुंकर घालत होती.

बेत मोठा होता. आधी टायट्रेशन, मग ऑरगॅनिकच्या टेस्ट – ल्युकास, टॉलेन्स, आयोडोफॉर्म – आणि डबा खाल्ल्यावर आयनिक इक्विलिब्रियमची गणितं. बफरच्या गणितात मीठ वर की आम्ल वर, यावर दरवर्षी अर्धा वर्ग घसरतो, म्हणून ती खास शेवटी ठेवलेली. तेवढ्यात लॅबचे मामा आले. "सर, सिलिंडर संपलं. दुसरं दुपारशिवाय नाही." बर्नर बंद. टॉलेन्सचा चांदीचा आरसा गेला दुपारवर. मी म्हटलं, ठीक आहे, टायट्रेशन तरी उरकू, करा सुरू.

ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. ब्युरेटच्या नळीतून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं, फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक त्याचा रंग उडवतं. ऑक्झॅलिक संपलं की गुलाबी टिकतो, तिथे किती मिली लागले ते वाचायचं. यात कॉनिकल फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून घ्यायचा असतो. मोहर सॉल्ट असेल तर थंडच चालतं, ऑक्झॅलिकला ऊब लागते. एवढी वर्षं हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकेन. पण बर्नर नाही म्हणजे फ्लास्क तापणार नाही, हे साधं गणित त्या धांदलीत सुचलं नाही. मी टेबलावर जर्नलांचा गठ्ठा घेऊन बसलो, वर एक वाक्यही टाकलं, "रीडिंग दहाच्या आसपास यायला हवं बरं का." हिशेब तसाच होता. ऑक्झॅलिक मीच आदल्या दिवशी तोललेलं, २५० मिलीला १.५७५ ग्रॅम, म्हणजे ०.०५ मोलर. परमँगनेट ०.०२ मोलर. दोनास पाच रेणू. १० मिलीला बरोबर १० मिली.

पाऊण तासात जर्नलं आली. १०.०, १०.१, १०.०. पुढचं, १०.०, १०.०, १०.०. मी खूश. वीस-बावीस पोरांचा हात इतका बसलाय म्हटल्यावर बाहेरचा परीक्षक, एक्स्टर्नल, कोणी का येईना!

मग सतरा नंबरचं जर्नल आलं. ही मुलगी निफाडच्या बाजूची, पहाटेची एसटी पकडून येते, वर्गात फारशी बोलत नाही. तिच्या तक्त्यात होतं ०.१, ०.१, ०.१. सीबीआर, म्हणजे सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, ०.१ मिली. खाली त्यावरून केलेलं गणितही, अगदी स्वच्छ अक्षरात. मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि तिला बोलावलं.

"अगं, दोन थेंबांत संपलं सगळं?"

"सर, गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की एंड पॉइंट, असं तुम्हीच सांगितलंय. माझा टिकला. तिन्ही वेळा टिकला."

"आणि बाकीच्यांचं दहा येतं ते?"

ती गप्प. पण फ्लास्क हातातच होता, तो तिने पुढे केला. मी ऐटीत काहीतरी ऐकवायला सुरुवात करणार, तोच ती म्हणाली, "सर, गेला."

खरंच गेला होता. मघाचा गुलाबी रंग उतरून फ्लास्क पाण्यासारखा. मी उठून तिच्या ब्युरेटपाशी गेलो, आणखी दोन थेंब सोडले. गुलाबी. घड्याळ लावलं. यावेळी बराच लवकर उतरला. पुन्हा दोन थेंब, आणखी लवकर. तोवर सगळा वर्ग भोवती जमला होता. आणि या गर्दीत एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात येत होती. या थंडीत तीस सेकंदांचा नियम पाळून कोणाचंही रीडिंग दहा येणं शक्य नव्हतं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठे होतं? दहा हा आकडा माझ्याच तोंडून गेला होता.

आमचा पहिल्या नंबरचा गडी मात्र हार मानणारा नव्हे. "सर, ल शातेलिए! टेंपरेचर कमी, म्हणून इक्विलिब्रियम डावीकडे सरकला." चार माना हलल्या. तापमान बदललं की दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेचा समतोल सरकतो, हा ल शातेलिएचा नियम. उत्तर ऐकायला छान, आणि पार चूक. मी फळ्याकडे वळत होतो, इतक्यात सतरा नंबर हळूच म्हणाली, "सरकला असता तर आता पुढे कसा गेला? आमच्याकडे पण थंडीत द्राक्षाची फुगवण थांबते. पप्पा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मणी मागे जात नाही, नुसता थांबतो."

यापुढे मी वेगळं काय सांगणार? तरी खडू हातात होता म्हणून सांगितलं. या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे फिरायची वाटच नाही. थंडीने वेग मारलाय, समतोल नाही. अमोनियाच्या हेबर पद्धतीत दोन्हींची ओढाताण दिसते. समतोल म्हणतो थंड ठेवा, अमोनिया जास्त मिळेल. वेग म्हणतो थंड ठेवाल तर म्हातारे व्हाल. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक घालून साडेचारशे अंशांच्या आसपास तडजोड करतात. आणि आपल्या फ्लास्कमध्ये उत्प्रेरक बाहेरून घालावा लागत नाही. पहिले थेंब रेंगाळतात, त्यांतून मँगेनीजचे टू-प्लस आयन तयार होतात आणि तेच पुढच्या थेंबांना पळवतात. हे सगळं टेक्स्टबुकात आहे. मुलांनी ते पाठही केलेलं. स्वतःच्या ब्युरेटखाली बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग मामांना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर पिटाळलं. ते पातेलंभर उकळतं पाणी घेऊन आले, वर म्हणाले, टपरीवाल्याने विचारलं, कॉलेजात मॅगी करताय का. त्या पाण्यात फ्लास्क ठेवून, थर्मामीटर बघत, टायट्रेशन पहिल्यापासून. आता रंग थेंबागणिक उडत होता. मी कुठलाही आकडा बोललो नाही.

११.४. ११.३. ११.४. टेबलामागून टेबल तेच.

दहा कोणाचंच आलं नाही.

परमँगनेटची मोठी बाटली उजेडात धरून बघितली तर तळाशी तपकिरी थर. दिवाळीआधी केलेलं द्रावण, साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत, तेही खिडकीपाशी. उजेडात ते हळूहळू विघटत गेलं, मँगेनीज डायऑक्साइड खाली बसला आणि वरचं पातळ झालं. ०.०२ चं ०.०१७५ झालेलं. म्हणजे फ्लास्क तापवला असता तरी माझा दहाचा आकडा खोटाच ठरला असता. गडद रंगाच्या बाटल्या कपाटात होत्या, मी त्या मागायच्या विसरलो होतो.

सतरा नंबर जर्नल घेऊन आली. "सर, वरचं खोडून नवीन पान लावू?"

"राहू दे तसंच. वर लिही, फ्लास्क थंड होता. खाली ११.४ लिही."

तिने लिहिलं. माझ्या लाल रेघेचं काय करायचं ते तिने विचारलं नाही, मी पेन घेतलं आणि रेघेखाली सही केली.

सिलिंडर तीन वाजता आला. बफर त्या दिवशी झालंच नाही. मामा रिकामी बाटली घासत बसले होते, डाग हलायला तयार नव्हता. सकाळचं उरलेलं ऑक्झॅलिक मी त्यांना दिलं, थोडं सल्फ्युरिक स्वतःच घातलं. "गरम पाणी घाला मामा, थंडात रात्र होईल." टपरीच्या पातेल्यातलं पाणी अजून कोमट होतं. डाग बुडबुडे सोडत निघाला.