पेरणी यंत्रावर बियाण्याचे अंतर बसवताना

सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो बियाणे हे माप नागपूर जिल्ह्यात सर्वांच्या तोंडी असते. परंतु उमरेडजवळच्या आमच्या शेतात चकतीचे पेरणी यंत्र आले तेव्हा या मापाचा थेट उपयोग होईना, कारण चकती एकेक दाणा उचलते आणि किलोचा हिशेब आपल्यालाच दाण्यांत मांडावा लागतो. ४५ सेंटीमीटरच्या ओळीत दर ५ सेंटीमीटरवर झाड धरले, तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार झाडे होतात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासली, तेव्हा ८० उगवले. म्हणजे दाणा ४ सेंटीमीटरवर पडायला हवा होता.

यंत्राच्या चाकाचा परीघ १२० सेंटीमीटर आणि चकतीला खाचा २४. चाकाच्या आसावर १६ दातांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) व चकतीच्या दांड्यावर २० दातांचे, अशी जोडी बसवून आलेली असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात चकती ०.८ फेरा फिरे आणि दाण्यांतील अंतर सव्वासहा सेंटीमीटर येई. आम्हाला एका फेऱ्यात ३० दाणे, म्हणजे चकतीचा सव्वा फेरा हवा होता. २० भागिले १६ म्हणजे नेमके सव्वा! दोन्हींचे भोक एकाच मापाचे होते, त्यामुळे नव्या स्प्रॉकेटसाठी नागपूर गाठावे लागले नाही. तीच दोन दातेरी चाके एकमेकांच्या जागी बसवली.

ताणाची चकरी सैल करून साखळी उतरवणे सोपे आहे. वेळ जातो तो पुन्हा बसवताना. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहिले, कारण थोडा तिरकसपणा राहिला तरी साखळी दातांवर चढते. बोटाने दाबल्यावर ती किंचित लवेल इतकाच ताण ठेवला.

मग यंत्र उचलून धरले आणि चाक हाताने दहा फेरे फिरवून प्रत्येक नळीखालचे दाणे मोजले. ते तीनशेच्या जवळपास भरले, फुटलेला दाणा क्वचितच दिसला. शेतातल्या भुसभुशीत मातीत मात्र चाक थोडे घसरते. तेथे दहा फेऱ्यांना १२ ऐवजी १२.६ मीटर लागले, म्हणजे अंतर ४.२ सेंटीमीटर झाले, आणि तेवढे आम्ही चालवून घेतले. चकती आता पूर्वीपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने फिरत असल्यामुळे खाचा रिकाम्या जाऊ नयेत म्हणून ट्रॅक्टर सावकाश चालवणे भाग होते, आणि ते एकरावर मजुरी घेणाऱ्या आमच्या चालकाला अजिबात आवडले नाही.